मामाच्या घरची वंशवेल

सांगोला तालुक्यात एखादं तान्हं मूल दगावलं की कागदावर कारण लागतं न्यूमोनिया, नाही तर जुलाब, नाही तर नुसताच जंतुसंसर्ग. हे कारण खोटं नसतं, अपुरं असतं. त्याच वस्तीवरच्या आणखी चार मुलांना तोच न्यूमोनिया झालेला असतो आणि ती आठवड्याभरात अंगणात खेळायला लागलेली असतात. मग हेच का गेलं, हा प्रश्न कागदाला पडत नाही. घरातल्या म्हातारीला मात्र तो पडलेला असतो. "हिचा पहिला पण असाच गेला बघा," असं ती दवाखान्याच्या व्हरांड्यात कुणाला तरी सांगते. ते वाक्य केसपेपरवर क्वचितच उतरतं. पुढची सगळी प्रकरणं त्या एका वाक्याभोवती फिरतात, म्हणून प्रस्तावनाही तिथूनच सुरू करतो.

काही मुलं जन्मतःच अपुरी रोगप्रतिकारशक्ती घेऊन येतात. अशा आजारांना डॉक्टर मंडळी थोडक्यात पीआयडी (प्रायमरी इम्युनोडेफिशिअन्सी) म्हणतात. हा एक आजार नव्हे. आजवर साडेचारशेहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एखाद्याच जनुकातला दोष असतो. कुणाच्या रक्तात प्रतिपिंडं तयारच होत नाहीत. कुणाच्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात, पण गिळल्यावर मारू शकत नाहीत. कुणाकडे टी-पेशीच नसतात, आणि मग बुरशीपासून विषाणूपर्यंत कुणालाही आत यायला दार उघडं असतं. एचआयव्हीशी याचा संबंध नाही, हे इथेच स्पष्ट करायला हवं. कारण "पोराची इम्युनिटी कमी आहे" असं डॉक्टर म्हणाले की घरात पहिली शंका तीच येते आणि आईबापाकडे बघण्याची लोकांची नजर बदलते. दुसरा गोंधळ कोरोनाने वाढवून ठेवला. इम्युनिटी वाढवणाऱ्या पावडरी आणि काढे तेव्हापासून किराणा दुकानात आले, ते अजून गेलेले नाहीत. जे जनुक मुळातच बिघडलेलं आहे, ते काढ्याने दुरुस्त होत नाही.

या विषयाचा इतिहास १९५२ सालापासून सांगायची पद्धत आहे. त्या वर्षी ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकी लष्करी डॉक्टरने आठ वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मुलाला पुन्हा पुन्हा न्यूमोकॉकस जंतूचा संसर्ग होई. ब्रूटनने त्याच्या रक्तातली प्रथिनं विजेच्या प्रवाहाने वेगळी करून पाहिली, तेव्हा गॅमा ग्लोब्युलिनचा भागच गायब होता. प्रतिपिंडं असतात ती याच भागात. मग त्याने मुलाला दर महिन्याला गॅमा ग्लोब्युलिन टोचायला सुरुवात केली आणि संसर्ग थांबले. निदान आणि उपाय एकाच निबंधात देण्याचा योग वैद्यकात फार कमी जणांना येतो. त्या मुलात नेमकं कोणतं जनुक बिघडलं असेल, हे कळायला मात्र १९९३ साल उजाडलं.

त्याच १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या रक्तगटाची नोंद 'लॅन्सेट'मध्ये केली. जगभर तो बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखला जातो. ओ गटाच्या माणसातही असणारा एच हा घटक या लोकांच्या रक्तात नसतो, त्यामुळे त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नाही. या दोन शोधांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नसणार. चाळीस वर्षांनी, १९९२ साली, इस्राएलमधल्या दोन मुलांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांना वारंवार संसर्ग होत, रक्तातल्या पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या असत, पण जखमेत पू धरत नसे. त्या दोघांचा रक्तगट बॉम्बे निघाला. फ्यूकोज नावाची एक साखर पेशीच्या पृष्ठभागावर जोडली जात नव्हती. तिच्याशिवाय एच घटक तयार होत नाही, आणि पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून संसर्गाच्या जागी उतरताही येत नाही. दोन्ही मुलांचे आईबाप एकमेकांच्या नात्यातले होते.

मुंबईतल्या संशोधनाची वाटही रक्तगटावरून प्रतिकारशक्तीकडे गेलेली आहे. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात, बहुमजली इमारतीच्या तेराव्या मजल्यावर, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ साली ती रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. आज डॉ. मनीषा मडकईकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे पीआयडीच्या निदानासाठी देशभरातले डॉक्टर तिच्याकडे नमुने पाठवतात. जवळच १९२९ सालापासून बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आहे; तिथे डॉ. मुकेश देसाई यांनी अशा मुलांवर उपचार करण्याचं काम वाढवलं. चंदीगडच्या पीजीआयचंही या क्षेत्रात मोठं नाव आहे, पण आपल्या माणसाला वाट परळचीच पडते.

आता सांगोल्याकडे वळतो. यंत्रं परळला असली तरी या आजारांची अर्धी माहिती माणदेशातल्या घरांतच असते.

पीआयडीचा संशय आला की जाणता डॉक्टर आधी वंशवेल काढतो. चौकोन म्हणजे मुलगा, वर्तुळ म्हणजे मुलगी, गेलेल्यावर तिरकी रेघ. या कागदावर त्याला सगळ्यांत जास्त रस असतो तो मुलाच्या आजोळात. एक्स गुणसूत्रावरच्या दोषात आई वाहक असते, तिला स्वतःला सहसा काही होत नाही. मात्र तिच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी असते. हाच दोष तिच्या आईकडून आलेला असेल, तर तिच्या भावांतही तो दिसू शकतो. म्हणून विचारायचं ते असं: "तुमचे भाऊ किती? लहानपणी कुणी गेलं का?" आणि एखादी बाई सांगते, दोन गेले, मी झाले नव्हते तेव्हा. ते मामा भाच्याने कधी पाहिलेले नसतात, कित्येकदा बारसंही झालेलं नसतं. तरी निदानाच्या वाटेवर त्यांचा उपयोग महागड्या तपासणीहून जास्त होतो. ही माहिती वडिलांना विचारून मिळत नाही. ती आईच्या आईकडे असते, आणि तिला दवाखान्यात कुणी खुर्ची देत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या दोषात, म्हणजे बिघडलेलं जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावं लागतं तिथेही, मामा आहेच, पण तिथे तो जिवंत असतो आणि सासरा असतो. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीतींमधला प्रदेश असल्याचं दाखवलं आणि मामेबहिणीशी लग्नाची पसंती नोंदवली. सोलापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात अशी लग्नं आजही होतात. त्याला कारणं आहेत: जमीन घरात राहते, मुलगी ओळखीच्या चुलीपाशी जाते, हुंड्याची घासाघीस कमी होते. ज्यांनी ही सोयरीक जमवली त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार शहरातल्या माणसाला नाही. पण गणित सांगायलाच हवं. सख्ख्या आते-मामे भावंडांची सुमारे एक अष्टमांश जनुकं सारखी असतात. आजी किंवा आजोबांकडून आलेलं एखादं बिघडलेलं जनुक दोघांकडेही उतरलेलं असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही, आणि एक आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटत नाहीत. त्याच वेळी हेही खरं की नात्यात लग्न केलेल्या बहुसंख्य जोडप्यांची मुलं ठणठणीत असतात. जन्मजात दोषांचा धोका एरवीपेक्षा साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढतो. भीती घालून काही साधत नाही. ज्या घरात एक मूल अशा आजाराने गेलं आहे, तिथे मात्र पुढची सोयरीक ठरवण्याआधी हे गणित मांडलंच पाहिजे.

या नात्याची एक दुसरी बाजू आहे, ती मला फार मोलाची वाटते. गंभीर पीआयडीत मुलाला वाचवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे अस्थिमज्जेतल्या मूळपेशींचं प्रत्यारोपण. १९६८ साली रॉबर्ट गुड यांनी मिनेसोटात एका बाळावर ते पहिल्यांदा यशस्वी केलं. मज्जा बहिणीची होती. दात्याच्या पेशी जुळाव्या लागतात आणि सख्ख्या भावंडाशी त्या पूर्ण जुळण्याची शक्यताही चारात एकच. नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत मात्र आईबाप, चुलते, मावश्या यांच्यातही पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता एरवीपेक्षा बरीच जास्त असते. ज्या सोयरिकीने आजार दिला, तीच कधी दाताही देते. म्हणून पाहुण्यारावळ्यांशी भांडून, कुणाची कूस वाईट ठरवून काहीच हाती लागत नाही.

कुशीचा विषय निघालाच आहे तर थांबतो. "हिची पोरं जगत नाहीत" हे वाक्य आपल्याकडे किती बायकांनी ऐकलं असेल याची मोजदाद नाही. आधी दृष्ट होती, बाहेरचं होतं, मग नवस राहिला होता. आता जनुकाचा रिपोर्ट आला आणि त्यावर 'आई वाहक' असं छापून आलं, तर जुन्याच आरोपाला सरकारी शिक्का मिळतो. परळहून रिपोर्ट घेऊन आलेल्या कुटुंबात सुनेला माहेरी धाडल्याची उदाहरणं डॉक्टर मंडळी आपसांत सांगतात. रिपोर्ट समजावून देणं हेही संशोधनाचंच काम आहे, आणि ते सासू, नवरा आणि सून अशा तिघांना एकत्र बसवूनच करावं लागतं. कोणतं जनुक कुठे बिघडलेलं आहे हे कुणी निवडून घेत नाही. आपल्या प्रत्येकाकडे अशी काही बिघडलेली जनुकं असतात. जोडीला तशीच दुसरी न आल्यामुळे ती दिसत नाहीत, एवढंच.

बीसीजीबद्दल जरा जपून लिहितो, कारण अर्धवट वाचून कुणी लस नाकारली तर आमच्यावर पाप येईल. बीसीजी ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूची लस आहे. जन्मल्याबरोबर डाव्या दंडावर ती दिली जाते आणि आपल्या देशात ती दिलीच पाहिजे; लहान मुलांच्या मेंदूच्या क्षयापासून ती वाचवते. पण ज्या बाळाला टी-पेशीच नाहीत, त्याच्या अंगात हा दुबळा जंतूही जोर धरतो. डाव्या काखेतली गाठ वाढते, फुटते, मग यकृत, हाडं. नुसती काखेत गाठ येणं निरोगी बाळातही घडतं आणि ती बहुधा आपोआप बसते. गाठीबरोबर वजन वाढत नसेल, ताप हटत नसेल, तोंडातली बुरशी औषधाने जाऊन पुन्हा येत असेल, तर मात्र नेहमीची क्षयाची औषधं सुरू करून समाधान मानू नये. त्या औषधांतल्या पायराझिनामाइडला बीसीजीचा जंतू मुळातच दाद देत नाही. बीसीजीने किंवा तशाच दुबळ्या जंतूंनी दगावलेल्या आणि आजारी पडलेल्या मुलांच्या अभ्यासातूनच १९९६ साली माल्टातल्या नात्यातल्या मुलांमध्ये आणि ट्युनिशियातल्या एका बाळामध्ये इंटरफेरॉन-गॅमाच्या ग्राहकातला दोष सापडला, आणि क्षयाशी शरीर नेमकं कसं लढतं याचं एक मोठं कोडं सुटलं. सांगोल्यातल्या सिस्टरने यातून घ्यायचं ते एवढंच: टोचण्याआधी विचारा, आधीचं मूल तान्हेपणी गेलंय का? उत्तर होय असेल तर बीसीजी थोडी लांबवून बालरोगतज्ज्ञाला दाखवा. बाकी सगळ्यांना ती वेळेवर द्या.

पोलिओच्या तोंडावाटे देण्याच्या डोसाचंही असंच. देशात मूळ पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात आढळला. आता प्रश्न उरतो तो लसीतल्या विषाणूचा. प्रतिपिंडं नसलेलं मूल तो विषाणू कित्येक महिने शौचावाटे बाहेर टाकत राहू शकतं आणि त्या काळात विषाणू बदलतो. मुंबईतल्या संशोधकांनी पीआयडी झालेल्या मुलांच्या शौचाचे नमुने तपासून असा विषाणू काहींत सापडल्याचं २०१७ साली प्रसिद्ध केलं. म्हणजे एका मुलाचं निदान न होणं हा त्या घरापुरता प्रश्न राहत नाही.

आता एक तपासणी, जी सांगोल्यात कोणत्याही लॅबमध्ये दोन-तीनशे रुपयांत होते आणि तरीही वाया जाते: सीबीसी. समजा चार महिन्यांच्या बाळाच्या पांढऱ्या पेशी ६,००० आल्या आणि त्यांत लिम्फोसाइट २० टक्के. रिपोर्टवर शेजारी छापलेल्या मर्यादा मोठ्या माणसाच्या असतात, त्यांत दोन्ही आकडे बसतात. ठळक काही दिसत नाही, कागद फाइलला लागतो. पण गुणाकार केला तर लिम्फोसाइट निघतात १,२००. आणि या वयात ते ३,०००च्या खाली गेले तर तपासणी पुन्हा करून पुढे पाठवायला हवं. एक गुणाकार! त्यासाठी जनुकशास्त्र शिकावं लागत नाही. उलटचं उदाहरणही आहे. पांढऱ्या पेशी चाळीस-पन्नास हजार, जखमेला पू नाही, आणि सुईणीला किंवा आजीला विचारावं तर ती सांगते की नाळ महिनाभर पडली नव्हती. पांढऱ्या पेशींना भिंतीला चिकटता न येण्याच्या आजाराची ही ओळख आहे. मोठ्या मुलात वारंवार न्यूमोनिया, वाहता कान, आणि घसा तपासायला गेलं तर टॉन्सिल जवळजवळ नाहीतच, असं दिसलं तर ब्रूटनचा तो मुलगा आठवावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आणि अंगणवाडीत वाहत्या कानाची मुलं शोधतंच. तोच कान किती वेळा वाहिला, हा प्रश्न त्यात जोडला की पीआयडीची पहिली चाळणी तिथेच होईल.

पुढची तपासणी फ्लो सायटोमेट्रीची, आणि ती जिवंत पेशींवर होते. रक्त एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचावं लागतं. सांगोल्याहून परळ सुमारे चारशे किलोमीटर. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहूनच निघाली आणि थेट बंगालातल्या शालिमारला गेली. इथलं डाळिंब देशाच्या दुसऱ्या टोकाला वेळेत पोचवण्याची व्यवस्था आपण करू शकतो, मग जांभळ्या झाकणाची एक नळी सोलापूर किंवा मिरजमार्गे मुंबईला पाठवण्याची रोजची सोय का होऊ नये? बाळाला घेऊन रात्रभर प्रवास करायचा, तेरावा मजला शोधायचा, लिफ्टसाठी रांग लावायची, यातच पुष्कळ घरं गळतात.

पैशाचं बोलायचं तर प्रतिपिंडं नसलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून द्यावं लागतं, आयुष्यभर. वीस किलोच्या मुलाला एका वेळी आठ ते दहा ग्रॅम. ते हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून बनतं, त्यामुळे स्वस्त होणं अवघड. डाळिंबावर तेल्या आला त्या वर्षी हा खर्च कुठून करायचा, याचं उत्तर कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात गंभीर संयुक्त प्रतिकारशक्ती-अभाव, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस आजार आणि विस्कॉट-ऑल्ड्रिच हे आजार प्रत्यारोपणाच्या गटात घेतले आहेत; ठरवून दिलेल्या केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते आणि त्या केंद्रांत केईएम आहे. हे पुष्कळ पालकांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

जनुकोपचाराबद्दल थोडक्यात. १९९० साली अमेरिकेत चार वर्षांच्या मुलीवर पहिला प्रयोग झाला. पुढे पॅरिसमध्ये अलँ फिशर यांनी गंभीर आजाराची बाळं बरी केली, पण त्यांतल्या काहींना नंतर रक्ताचा कर्करोग झाला आणि पद्धत बदलावी लागली. २०१६ साली युरोपात अशा एका उपचाराला मान्यताही मिळाली. वाचायला हे रोमांचक आहे. मला विचाराल तर आपल्याला त्याहून जवळची गोष्ट म्हणजे टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने २००८ साली प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेच्या थेंबावरून टी-पेशींची चाचणी सुरू केली, दहा वर्षांत ती तिथल्या सगळ्या राज्यांत गेली. त्यातून कळलं की गंभीर संयुक्त प्रकार साधारण ५८,००० जन्मांत एक, म्हणजे आधीच्या अंदाजापेक्षा जास्त आहे. आणि साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्या बाळांत ९४ टक्के वाचली, असं २०१४च्या अभ्यासाने दाखवलं. आपल्याकडे ही तपासणी सार्वत्रिक नाही. ती सुरू करायची तर जिथे नात्यातली लग्नं जास्त आहेत त्या तालुक्यांपासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर हातात आहे ते करायचं. तुमच्या घरात तान्हेपणी गेलेली मुलं असतील, मामाकडची, आजोळची, तर त्यांची यादी एका वहीत लिहून ठेवा: मुलगा की मुलगी, किती महिन्यांचं, कशाने. डॉक्टरने विचारलं नाही तरी ती वही पुढे करा. आणि डॉक्टर वाचकांना विनंती अशी की निदान न होता एखादं मूल हातचं जात असेल, तर आईबापांच्या संमतीने दोन मिलिलिटर रक्त ईडीटीएच्या नळीत घेऊन जनुक तपासणीसाठी जपून ठेवा. दोष सापडला तर त्याच आईच्या पुढच्या गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते.